टाका पुलापर्यंत पोचला

मंगळवार, ४ फेब्रुवारी
दुकानातून

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या वरती लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलेत, अंगाला लावून घेऊ नकोस.

कागदावर लिहितेय याचं नवल वाटेल. मेसेज तू अर्धाच वाचतोस आणि फोनवर मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तुझा मेसेज मिळाला. घर सोडल्यापासून तू आपणहून पाठवलेला हा पहिला, आणि त्यात काय, तर माझ्यावर आळ. तुझ्या त्या खेळात म्हणे 'टाका' नावाचा कोणी बॉट तुमच्या पुलावर आला. असलं नाव शिंप्याच्या घरातलंच कोणी ठेवणार, तेव्हा तो मीच सोडला असणार, तुझ्यावर पाळत ठेवायला. वर पुन्हा 'ताई, मला सुखाने जगू दे.' बाबा रे, जग. तुझ्या सुखात लुडबुड करायला मला फुरसत कुठे आहे? आज सकाळपासून अकरा पँटींच्या चेनी बदलल्यात. समोरच्या शाळेतल्या बाईंचा कोट तिसऱ्यांदा सैल करायला आलाय आणि त्या तिसऱ्यांदा मलाच सांगतायत की तो धुऊन आटला.

तो खेळ मला ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. तू शाळेतून आलास की दप्तर फेकून त्याच्यापुढे बसायचास. चित्र नाही, आवाज नाही, पडदाभर नुसती अक्षरं. 'तू तळघरात आहेस. अंधार आहे. समोर उंदीर आहे.' मग तू टाइप करायचास, 'मार'. मी मागे काजं करत बसलेली असायचे. विचारायचे, उंदीर कुठाय? तू म्हणायचास, वाच की. उंदीर मारून मारून तुझी लेव्हल वाढायची आणि आपल्या घरात तेवढाच एक माणूस मोठा होत होता, तोही खोटा.

तर बॉट माझा नाही. माझ्या वतीने खेळायला मी प्रोग्राम ठेवला असता तर तो आधी इस्त्रीला उभा केला असता. विषय संपला.

बाबांचं तू विचारलं नाहीस. तरी सांगते, ठीक आहेत. उजवा हात तसाच आहे, मांडीवर ठेवला की मांडीवर, टेबलावर ठेवला की टेबलावर. जीभ जड आहे. डोकं लख्ख आहे, हेच त्यांचं दुखणं आहे म्हण. दुपारी जेवण झालं की त्यांना काम असतं, त्यामुळे मलाही जरा मोकळीक मिळते.

तू मेसेजच्या शेवटी वायरीचा विषय काढलास. काढणारच. तुला घरातलं दुसरं काही आठवतच नाही. हो, त्यांनी कॉम्प्युटरची वायर कापली. तू नापास झालास, खोटं बोललास, आणि त्यांनी कात्री घेतली. पण कुठली कात्री घेतली ते तुझ्या कधी लक्षात आलं नाही. कापडाची. जिने त्यांनी आपल्याला कधी कागदसुद्धा कापू दिला नाही ती. तिच्या पात्याला त्या दिवशी खाच पडली. धार लावणाऱ्याने दोनदा घासली तरी जात नाही, अजून दर कापडात त्या जागी अडकते. मी रोज त्याच कात्रीने कापते. तू वायरीचं सुतक पाळ, मी कात्री वापरते.

कळावे, लोभ असावा वगैरे मी लिहीत नाही.

ताई


शनिवार, १५ फेब्रुवारी
दुकानातूनच

चि. बारक्या,

आशीर्वाद या वेळी आठवत नाहीत.

तुझं उत्तर आलं. एका ओळीचं. 'तू नाहीस तर सोड, पुन्हा आला तर पुन्हा मारू.' मी ते वाचलं तेव्हा गिऱ्हाईक समोर होतं. मी त्यांच्या बाहीचं माप घेतलं आणि तेच माप तीनदा घेतलं. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, बाई, हात खाली घेऊ का?

मी कोणाला तरी शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो शब्द मी आत्ता मोडतेय, आणि मोडायला तुझ्या त्या एका ओळीने लावलं.

टाका म्हणजे बाबा.

आता उठून पाणी पिऊन ये हवं तर. मी थांबते. आमच्या घरात थांबता येणारं कोणी तरी असू दे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी तुला फोन लावायला सांगितला होता. आठवतंय? तू 'हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही' म्हणून ठेवून दिलास. ऐकू येत होतं बारक्या. कळत नव्हतं. ते तुझ्याशी बोलत होते. मी म्हटलं, मी मेसेज करते. त्यांनी नको म्हणून मान हलवली. एक मेसेज मी आधीच केला होता आणि तुझं 'काळजी घ्या' त्यांना वाचून दाखवलं होतं. दुकानाच्या पाटीवर लिहितात ना, पायरी आहे, काळजी घ्या, तसं.

मग एक दिवस त्यांनी खडू मागितला आणि डाव्या हाताने एका अस्तराच्या तुकड्यावर लिहिलं, 'बारक्याचा खेळ लावून दे.' मला वाटलं डोकंही गेलं. तुझा तो जुना डबा माळ्यावरून काढला, नवी वायर आणली आणि मागच्या खोलीत मांडला. खेळ अजून चालू आहे आणि तू त्यात अजून 'पोलाद' म्हणूनच फिरतोस, हे मी शोधून काढलं. कुठे राहतोस तेही वाचलं: पुलापलीकडच्या किल्ल्यात. विसाव्या लेव्हलच्या खालच्याला पुलावर पाय ठेवता येत नाही. मी म्हटलं, बाबा, मी खेळून देते, तुम्ही वर पोचलात की बसा. त्यांनी मापाच्या टेपने माझ्या हातावर फटका मारला. शिकताना मारायचे तसाच.

पहिल्या दिवशी उंदराने त्यांना मारलं. दुसऱ्या दिवशीही. एक बोट आहे, तेही डावं. 'मार' लिहून होईतो उंदीर चार वेळा चावून जातो. मी दारात उभी राहून बघायचे आणि मला त्यांचा राग यायचा, तुझा यायचा, त्या उंदराचाही यायचा. ज्या माणसाने बापजन्मात कोणाच्या हाताखाली काम केलं नाही, तो अक्षरांच्या उंदराकडून मार खातोय. येणारेजाणारे विचारायचे, नवीन आहेस का, आमच्यात ये, चटकन वर नेतो. बाबा 'नको' लिहायचे. ते उमटेपर्यंत विचारणारे गेलेले असायचे. मग कोणी विचारेनासं झालं.

शेवटी त्यांना कासवं सापडली. चिखलाच्या तळ्यात एका जातीची कासवं आहेत, तुला माहीतच असतील, तुम्ही मोठे लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. अनुभव मिळतो चिमटीएवढा. पण त्या अख्ख्या खेळात बाबांपेक्षा सावकाश तेवढीच होती. बाबा आधीच 'मार' लिहून ठेवायचे आणि कासवाची वाट बघायचे. रोज दुपारी, जेवणापासून पाचच्या चहापर्यंत. पंखे लावायचे दिवस गेले, दुकानात स्वेटर उसवून यायला लागले, तरी कासवं चालूच. लेव्हल वाढली की टेबलावर बोट आपटायचे, मी शिलाई थांबवून आत जायचे आणि पडद्यावर वाचायचे: 'टाका आता नवव्या लेव्हलला आहे.' मी म्हणायचे, वा. मनात म्हणायचे, कशासाठी हे सगळं, त्या मेल्यासाठी?

ज्या दिवशी विसावी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी करून मागितली. इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं मी लावायला गेले तर वरचं त्यांनी स्वतः लावलं. मी विचारलं, काय बोलणार त्याच्याशी? त्यांनी कॉलर सरळ केली. त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. म्हणून पुढचं मला कोणी सांगितलेलं नाही, मी वाचलेलं आहे.

'तू पुलावर आहेस. समोर पोलाद उभा आहे.' बाबांचा श्वास मला ऐकू येत होता.

'पोलाद विचारतो: कोण रे तू? काय काम?'

बाबांनी बोट उचललं.

'पोलाद म्हणतो: माणूस असशील तर बोल. दहा मोजतो.' हा नियम तूच काढलास ना? त्या मेसेजमध्ये केवढ्या तोऱ्यात समजावला होतास मला, की एकटा, गप्प, वर चढत आलेला कोणी दिसला की तो बॉट असतो, तुम्ही प्रश्न विचारता आणि दहा मोजेपर्यंत उत्तर आलं नाही की कापून टाकता.

तुझा एक सोबती मध्ये म्हणाला, 'मोजतोस काय, बॉटच आहे हा. महिनोन्‌महिने कासवं मारत बसलेला बघितलाय मी. माणूस असं करेल का?' आणि तू हसलास. तिथे लिहून आलं तसं, 'पोलाद हसतो.' मग तू मोजलंस. मी बाबांना म्हटलं, सरका, मी लिहिते, नुसतं 'बाबा' लिहिते. त्यांनी खांद्याने मला ढकललं. त्या खांद्यात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

'पोलादने तुझा गळा चिरला. तू मेला आहेस.'

पुलावर माणसाच्या हातून मेलं की पहिल्या लेव्हलवर जावं लागतं. हाही तुमचाच नियम.

खालच्या चौकटीत त्यांनी जेवढं लिहून झालं होतं तेवढं तसंच राहिलं होतं. दोन शब्द. 'वायर मी'. पुढचं तुझ्या दहा आकड्यांत बसलं नाही. आता मला सांग, एवढी वर्षं तू ज्या वाक्यासाठी रुसून बसलायस, ते चालत तुझ्या दारात आलं होतं की नाही? आणि तू काय केलंस?

मी तुला फोन करायला उठले होते. बाबांनी माझी बाही धरली. काहीतरी म्हणाले. मला कळेना, तीनदा म्हणायला लावलं. म्हणत होते, 'त्याचं बरोबर आहे. नियम आहे.' जन्मभरात या माणसाने दुसऱ्याचा नियम मानलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि तो तुझा. मग त्यांनी ते दोन शब्द एकेक अक्षर करून पुसले आणि मला शब्द द्यायला लावला की तुला कळू द्यायचं नाही. 'मी पोचतो,' म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तळघरात उंदरांपुढे जाऊन बसले.

पण ते पोचणार नाहीत बारक्या. आता डाव्या बोटालाही मुंग्या येतात, मधेच पेलाही सुटतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, तुला मोजायची फार हौस आहे. एवढं समज की कासवांपर्यंतसुद्धा जायला वेळ नाही.

म्हणून तू खाली ये. घरी ये असं मी म्हणत नाही, तो दगड अजून मला उचलवत नाही आणि तुला तर नाहीच नाही. खेळात खाली ये. दुपारी जेवणानंतर पाचपर्यंत ते तळघरात असतात. तिथे लहान पोरं आणि नवखे असतात, तुझ्यासारख्या चिलखतवाल्याला बघून सगळे पळतील, पळू देत. त्यांच्या समोर उभा राहा. उंदीर मारून देऊ नकोस, त्यांना ते आवडणार नाही. मला कळलं, ताईने सांगितलं, असं काही बरळू नकोस. पुलावर जे विचारलंस तेच विचार: कोण रे तू, काय काम? आणि गप्प बस. एक अक्षर यायला किती वेळ लागतो ते तुला दिसणार नाही, पडदा रिकामाच राहील. उठून जावंसं वाटेल. तुझ्या सोबत्यांपैकी कोणी हाक मारेल. उठू नकोस. ते लिहीत असतील.

मला तुझी दया येत नाही, हे स्पष्ट लिहिते. या पत्राने तुला रडू आलं तर ते तुझं तू बघ. मला तुझा राग आहे आणि तो मी ठेवणार आहे, माझ्या कष्टाचा आहे तो. पण त्यांचं वाक्य माझ्याकडे सांभाळायला ठेवलेलं नाही, ते तुझं आहे, आणि ते पुरं व्हायला हवं.

तू येणार आहेस असं मी बाबांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. म्हणजे तू आला नाहीस तर ते फक्त मला कळेल.

अजून तरी तुझी,
ताई