उलट्या रेघेत अडकलेले फोटो

३ फेब्रु. २००५, धानोरा
दवाखान्यात नवीन संगणक बसला, लिनक्सचा. जुना विंडोजवाला पुसून परत पाठवला. फोटो चढवण्याचा प्रोग्राम मात्र जुनाच. ऑपरेटर सलीमभाई म्हणाले, "चालून राह्यला ना डॉक्टरसाहेब, टेन्शन काऊन घेता?" चालणे आणि बरोबर चालणे यांत अंतर असते.

८ फेब्रु.
कमळाबाईला आणले, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारले. हात मोडला, कानातून रक्त, पाठ फाटलेली. नवरा सांगतो, तलावाच्या पाळीवरून पडली. पोलिसांसाठी सलीमभाईंनी जखमांचे फोटो घेतले. मला तेथे थांबवेना.

१ मार्च
परवा गडचिरोलीच्या न्यायालयात तारीख; नवरा जामिनावर. पाठीवरचे वळ भरले; ती पडली नाही याचा पुरावा म्हणजे ते फोटोच. 'कमळा' नावाचा कप्पाच (फोल्डरच) संगणकात नाही! कॅमेऱ्यातले केव्हाच पुसलेले.

दुपारी तिचा धाकटा भाऊ मारोती आला. "काऊन बे सल्या, माह्या बहिणीचे फोटो कुठी गेले? तिच्या नवऱ्याले विकून टाकले का?" उत्तराआधी लोखंडी खुर्ची सलीमभाईंच्या तोंडावर. दात फरशीवर. मी मध्ये पडलो. माझा चष्मा गेला. सलीमभाई रक्त गिळत एवढेच, "म्या नाई पुसले, भाऊ."

२ मार्च
सापडले. विंडोजमध्ये उलटी तिरकी रेघ (\) म्हणजे एका कप्प्यातून आतल्या कप्प्यात जाण्याची वाट. लिनक्सची वाट सरळ तिरक्या रेघेची (/). जुना प्रोग्राम अजून उलटीच घालत होता; ती लिनक्सला नुसते अक्षर. त्याने कप्पे केलेच नाहीत. 'केस\कमळा\पाठ' हे सबंध एका फोटोचे नाव समजून सगळे प्रोग्रामशेजारीच टाकून दिले.

सलीमभाईंवरचा आळ जावा म्हणून मारोतीला बोलावून दाखवले. बहिणीची पाठ भाऊ कशाला पाहतो? त्याने प्रथमच पाहिली. दांड्याचा एकेक वळ. सलीमभाईंच्या पायांना हात लावला, म्हणाला, "चुकलो, भाऊ." आणि निघाला. हाक मारली, वळला नाही. त्याची सायकल त्याच्या गावाच्या उलट्या दिशेला, बहिणीच्या नवऱ्याच्या गावाकडे गेली.

३ मार्च, गडचिरोली
फोटोंची सीडी वकिलाकडे दिली. सुजल्या तोंडाने सलीमभाई म्हणाले, "त्याले दाखवाले नाई पाह्यजे होतं, साहेब."

कमळाबाई विचारते, "मारोती कुठी हाय?"

नवऱ्याच्या नावाचा पुकारा झाला. कोणी उठले नाही. ती दाराकडे पाहते आहे, मीही.