तीन शेपट्यांचा किडा

१४ नोव्हेंबर
आज पुन्हा मेले! नाल्यावरच्या माझ्या डोहात चाळीसेक रोहू, पांढरी पोटं वर करून. सून नलूने पाटीत गोळा करून पुरले. वरच्या अंगाला भगवानरावची सरकीची तेल मिल, तिचा पाइप थेट नाल्यात — दुसरं कोण मारणार? टपरीवर त्याला विचारलं. सगळ्यांसमोर म्हणतो, "बुढ्या, तुहे मासे मले विचारून मेले का?" लोक हसले. भीतीने मीही हसलो. त्या मिलला कुलूप लागलेलं पाहीन, तेव्हाच जेवण गोड लागेल.

१७ नोव्हेंबर
यवतमाळच्या कॉलेजातली प्रेरणा आली. पाणी तपासते — किड्यांवरून! दगड उलटून दाखवला. चपटा, चुळबुळणारा, तीन शेपट्यांचा किडा. "आजोबा, हा असला की पाणी चांगलं. घाणीत हा आधी मरतो, मग नुसत्या लाल अळ्या उरतात." माझं सातवीचं अक्षर तिला आवडलं. दोन कोरे तक्ते दिले — एक पाइपाखालचा, एक डोहाचा. मोजून लिहायचं, सोमवारी ती नेणार. भगवानराव, आता तुझा न्याय किडेच करतील!

१८ नोव्हेंबर
पाइपाखाली दहा दगड उलटले. दहाही दगडांखाली तीन शेपट्या! मेले कसे नाहीत हे?

१९ नोव्हेंबर
चष्मा पुसून परत गेलो. तेच.
मग डोहाच्या तोंडाशी गेलो. तिथे मी दरवर्षी दोरासाठी अंबाडी भिजत घालतो. यंदा तीन बैलगाड्या पेंढ्या बुडवल्या आहेत. पाणी काळं झालंय, कुजका वास येतो. चिखल उपसला तर ओंजळभर लाल अळ्या. दुसरं काहीच नाही.
बापही अंबाडी भिजवायचा, आजाही. त्यांच्या वीसेक पेंढ्या असायच्या, हे खरं. पण अंबाडीने काय होतं! काही होत नाही.

२४ नोव्हेंबर
पाइपाच्या तक्त्यावर लिहिलं — फक्त लाल अळ्या. डोहाच्याही तेच. अक्षर नीट आलं. "एवढं वाईट?" प्रेरणाने विचारलं. हो म्हणालो.

२ डिसेंबर
ग्रामसभेत सरपंच विमलताईंनी प्रेरणाने पाठवलेला तक्ता मोठ्याने वाचला. पाइप बुजवायचा, तोवर मिल बंद! भगवानराव उठला. वाटलं, आता भांडेल. म्हणाला, "बुढा चिडका आहे, पन खोटं नाही लिहिनार. मले मान्य हाय." मान खाली घालून गेला. टपरीवर सगळ्यांना मी चहा पाजला. खूप हसलो. घरी आल्यावर ताट तसंच परत सारलं.

९ डिसेंबर
मिलला कुलूप आहे. रोज जाऊन बघतो. पेंढ्या अजून पाण्यातच. आत्ता काढल्या तर लोक विचारतील, काहून काढल्या?

१४ डिसेंबर
भगवानरावने रोहूची हजार बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, पाठवली. निरोप — "माह्यामुळं मेले, भरून देतो." नलूने डोहात सोडली.

१७ डिसेंबर
हजारही मेली. पाइप कोरडा आहे.
नलूने पाटी माझ्यासमोर ठेवली. "आता कोनाचं नाव सांगसान जी?"