कोपरा फाटलेलं पाकीट

धरमपेठ, नागपूर
१४ मे १९७५

शेरको पोराले खोलीतून काढ म्हणतं? काहून गा कृष्णकांत? तिकडल्या बगदादच्या सरकारले समजलं तं तुझी नोकरी जाईन म्हणून? जाऊ दे. कोराडीच्या वीजघरात राख खातच होता, आणखी खाशील.

आता आशीर्वाद घे. मी बरी आहे. गुडघे जसेचे तसे. लोणचं घातलं, तुझ्या वाट्याची बरणी शेरकोले देऊन टाकली.

पत्रात लिहितं, "इथे सगळं शांत आहे, आजी, तू राजकारणात पडू नको." म्हणे! चार वर्षं झाली, पोरगा मागच्या खोलीत राहून इंजिनेरी शिकते, माझ्या हातची भाकर खाते. बगदादच्या सरकारनं त्याच्या कुर्द लोकांना सत्तर साली लिहून दिलं, चार वर्षांत तुमचा कारभार तुमच्या हाती. हाती आलं काय? कागद. त्यातूनही किरकुक वगळलं, काहून की तेल तिथं. ते लढले. इराणच्या शहानं त्यांना बंदुका पुरवल्या. यंदा मार्चमधी शहाचं अन बगदादचं नदीच्या हद्दीवरून जमलं, तशी मदत बंद. बाया लेकरं घेऊन बर्फातून पळाल्या. याले तू शांत म्हणतं! आपल्या नागपूरचीही राजधानी गेली अन नागपूर कराराचा नुसता कागद राहिला, पण आपल्याले घरातून कोणी हाकललं नाही. म्हणून आपल्या तोंडी शहाणपण.

तुझं पाकीट ओमप्रकाश पोस्टमननं हाती दिलं, तं कोपरा फाटलेला. कोपरा फाटला म्हणजे मौतीचं पत्र, ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, तुले माहीत आहे. मी पायरीवरच बसली अन तुझ्या नावानं रडली. शेरको धावत आला. पाकीट पाहून म्हणे, "आजी, रोओ मत. उधर पुलिस हर चिट्ठी ऐसे ही खोलती है."

वाचलं, तं तू जिवंत. अन वरून खोलीचं हे फर्मान.

तरी माझं रडणं थांबेना. त्याले वाटलं, खुशीनं रडून राहिली.

आता ऐक. एप्रिलमधी त्याच्याही आईचं पाकीट आलं होतं. तसंच, कोपरा फाटलेलं. त्याची परीक्षा चालू होती. मी म्हटलं, पेपर होऊ दे, मंग सांगू. पण असं पत्र घरात ठेवावं कसं? न वाचताच फाडलं अन नाग नदीत सोडलं.

तो रोज ओमप्रकाशले विचारते, मेरा कुछ आया? मी खाली मान घालून भाकर थापते. अजून सांगितलं नाही. सांगीन, पण रिकाम्या हातानं नाही.

तुझी नोकरी किरकुकात, त्याच्या आईचं घर किरकुकात. जाताना त्यानं पत्ता लिहून दिला, तू एकदा तरी गेला काय? पत्र मिळालं की जा. घर बंद असन तं शेजारी विचार. सापडली तं पाया पड, अन माझी चूक तिले जशीच्या तशी सांग.

उत्तर तू लिहू नको, तुझं 'शांत' मले नको. तिनंच लिहावं. हात चालत नसन तं नुसता अंगठा लावावा. कोपरा फाटलेला असला तरी ते मी उंबऱ्याच्या आत घेईन.

तुझी आजी,
जयवंता