लिंडेनफुर्टचं बोलावणं

पिंप्राळा, जळगाव
१६ जानेवारी २०२६

तीर्थरूप नानांच्या चरणी सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मामींच्या गुडघेदुखीला आता उतार असेल. फोनच केला असता, पण आई शेजारी असते आणि हे तिला इतक्यात कळायला नको.

मी नोकरीला जाते त्या गावच्या नगरपालिकेचं जर्मनीतलं लिंडेनफुर्ट हे भगिनी शहर. कराराला तीस वर्षं झाली म्हणून तिथले पाहुणे पुढच्या महिन्यात येताहेत. नवे नगराध्यक्ष नवलभाऊंनी या मैत्रीचा इतिहास मला लिहायला सांगितलाय. तो दगडी फलकावर कोरणार. फायलीत १९९६चा करार आहे, दोन्हीकडची एकेक भेट आहे, पुढे काहीच नाही. तरी ते म्हणतात, तीस वर्षांचं अखंड नातं असं लिही. मी कागद मागितले तर हसून म्हणाले, लग्नपत्रिकेत नवरदेवाचे दोष कोणी छापतं का?

माझी कंत्राटी नेमणूक मार्चमध्ये संपते. वाढवणं त्यांच्याच हातात. खोटं लिहवत नाही आणि नाही म्हणायचा धीर होत नाही. तुम्ही तेव्हा तिथे हेडक्लार्क होतात. नातं का तुटलं?

लोभ तर आहेच, या वेळी सल्लाही द्यावा.
आपली सुलक्षणा

देवपूर, धुळे
२२ जानेवारी २०२६

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

मामीचा गुडघा तुझ्या मनासारखाच, रात्रंदिवस ठणकतो.

तुटलं नाही पोरी, रुसलं. नवलचे वडील उखर्डू आबा तेव्हा नगराध्यक्ष होते. लिंडेनफुर्टचं दुसरं बोलावणं टपालाने आलं आणि आबा अडून बसले. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सख्ख्या लेकीलाही माहेरचं माणूस मूळ म्हणून न्यायला येतं, तेव्हा ती निघते; नुसत्या पाकिटावर कोण जातं? "मूळ उनं नही, मंग कसं जावानं?" असं भर सभेत म्हणाले. बठ्ठ्या सदस्यांनी माना डोलावल्या. उत्तरसुद्धा पाठवू दिलं नाही. कोणीतरी न्यायला येईल म्हणून वाट पाहत राहिले. तिकडच्यांनी काय समजावं?

नवलला हे ठाऊक आहे. आबा आता नाहीत. बापाचं हसं तो होऊ देणार नाही. नोकरी हवी असेल तर 'अखंड' लिही आणि गप्प राहा. ऐकशील असं वाटत नाही. तुझ्या आईनेही माझं कधी ऐकलं नाही.

घरच्यांना आशीर्वाद. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा नाना

पिंप्राळा, जळगाव
२१ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप नानांना सा. न. वि. वि.

आबांचं नाव न घेता मी खरं तेच लिहून दिलं. नवलभाऊंनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि फलकावर 'अखंड' कोरून घेतलं.

काल समारंभ झाला. पाहुण्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, पहिल्या भेटीत येऊन गेलेल्या. फलकावरचा पडदा काढण्याआधी त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, की आम्ही बोलावलं होतं, तुमचं उत्तर आलं नाही, आमचं काय चुकलं? नवलभाऊ पडद्याच्या दोरीकडे बघत राहिले. शेवटी मीच उठले. म्हटलं, "आम्ही रागावलो नव्हतो. तुम्ही न्यायला याल म्हणून थांबलो होतो." मग आखाजीची रीत सांगितली.

बाई डोळे पुसून म्हणाल्या, आता मी आलेच आहे, कोण येतंय माझ्याबरोबर? पुढच्या रांगेतल्या नगरसेविका प्रमिलाबाईंनी आधी हात वर केला. लोक हसले. नवलभाऊ हसले नाहीत, पण दोरी त्यांनी सोडून दिली. पडदा फलकावर तसाच राहिला.

सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलंय. कशाला, ते सांगितलं नाही. आईला सगळं सांगून टाकलं. आज मी पोटभर जेवले.

मामींना नमस्कार. सोमवारी काहीही झालं तरी कृपादृष्टी असू द्यावी.
आपली सुलक्षणा