वृश्चिकेतला नोव्हा आणि माझी जबाबदारी

३ जुलै
आजपासून रोजनिशी नियमित. वृश्चिक राशीत नोव्हा भडकलाय, म्हणजे स्फोट होऊन तारा एकदम उजळलाय! परवापर्यंत जो तारा दिसतही नव्हता, तो आज साध्या दुर्बिणीतून दिसतोय. केपटाउनच्या डॉ. फान वेक बाईंचा ईमेल आला. क्ष-किरण टिपणारा उपग्रह त्याच्याकडे वळवायचाय. केव्हा वळवायचा हे ठरवण्यासाठी हौशी निरीक्षकांनी रोज ताऱ्याचं तेज कळवावं. ईमेल बऱ्याच जणांना गेलाय. पण हरारेतून मी एकटाच. म्हणजे उपग्रह माझ्यावर अवलंबून आहे.

४ जुलै, संध्याकाळ
लाइट गेली. उत्तम! वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसून जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता रिटायर झाल्यावर कळतंय, अंधार ही केवढी मोठी सेवा आहे. खुर्ची अंगणात टाकली, बाईंनी पाठवलेला ताऱ्यांचा नकाशा बघितला, तारा एका झटक्यात सापडला. तेज ६.८. कळवलं.

९ जुलै
शेजारच्या चिवेरेने भिंतीवर सोलर दिवा लावला. थेट माझ्या डोळ्यांत. काढायला सांगितलं. म्हणे, "मिस्टर चिरिंदा, तुमचे तारे कोणी चोरत नाही. माझ्या कोंबड्या चोरतात." विज्ञानाबद्दल अनास्था. उद्यापासून डोक्यावर ब्लँकेट.
तेज ६.८.

१४ जुलै
इतरांचे आकडे वेबसाइटवर पाहिले. कोणी ७.५, कोणी ८.१. (आकडा वाढला म्हणजे तारा मंदावला.) माझा ६.८ ठाम. सगळ्यांचे डोळे एकदम बिघडलेत. नोव्हा मंदावत नाहीये! स्फोटातला वायू विरला की तारा मंद होतो आणि आतले क्ष-किरण बाहेर येतात. इथे मंदच होत नाही, तर क्ष-किरण कुठले? बाईंना लिहिलं: उपग्रहाची घाई नको, मी सांगेन तेव्हा वळवा.

१५ जुलै
उत्तर नाही. अभ्यास करत असतील.

१९ जुलै
शनिवारी आमच्या मुलीच्या, शुवाईच्या लग्नाची बोलणी. नवऱ्यामुलाची, गरिकाईची माणसं मुटोकोहून येणार. आमच्याकडे बोलणी मध्यस्थ करतो आणि आमच्या बाजूने मुलीची आत्या बघते, म्हणजे माझी बहीण एस्नाथ. बापाने फक्त घरात गप्प बसायचं. शुवाईच्या आईने बजावलं, "आभाळ कोसळलं तरी त्या दिवशी अंगणात पाऊल टाकायचं नाही." कबूल केलं. पाहुणे दुपारी तीनला, नोव्हा संध्याकाळी सातला. अडचण कसली?

२२ जुलै, शनिवार
तीन वाजले. पाच वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही. सूटमध्ये नुसता येरझारा घालतोय. साडेसहाला लाइट गेली. आकाश काचेसारखं. म्हटलं, एकच नोंद, पाच मिनिटांत आत. ब्लँकेट घेऊन बसलो. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच फाटकात गाडी. हेडलाइट थेट तोंडावर. मी ओरडलो, "लाइट बंद करा, चोरांनो!" आणि ब्लँकेटसकट अंगावर धावलो.
गाडी मागे घेताना ती गटारात गेली.
टायर फुटला म्हणून त्यांना उशीर झाला होता. फोनचं चार्जिंग संपलेलं. हे आधी कळवायला नको? ढकलून गाडी बाहेर काढली. आत कोणी आलं नाही. गेले.
तेज ६.८.

२३ जुलै
शुवाईची आई बोलत नाही. बहीण बोलते, त्यापेक्षा ते बरं. शुवाई म्हणाली, "बाबा, पुढे गरिकाईचे थोरले काका बसले होते. त्यांना तुम्ही चोर म्हणालात." मी तिला उपग्रहाचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग त्या उपग्रहाला सांगायचं ना, आज माझ्या मुलीची बोलणी आहेत म्हणून." आणि भांडी घासायला गेली. नंतर तिचे डोळे सुजलेले दिसले. सर्दी असावी. थंडी आहे.
रात्री दुर्बीण हातात धरवली नाही. ढग होते. थोडे.

२६ जुलै
उपग्रह वळवला. मला न विचारता! क्ष-किरण सापडले, भरपूर. नशीब त्यांचं.

२९ जुलै
डॉ. फान वेक बाईंचा ईमेल. भाषा फार सभ्य. मी रोज जो तारा नोंदवतोय तो नोव्हा नव्हे. त्याच्या शेजारचा आहे, तुलनेसाठी नकाशात दिलेला. त्याचं तेज नकाशावरच छापलेलं आहे: ६.८. शेवटी लिहिलंय, 'आपल्या चिकाटीबद्दल आभार. हा तारा स्थिर आहे याची खात्री झाली.'
खात्री झाली, हे महत्त्वाचंच आहे.
ईमेल दोनदा वाचला. जेवलो नाही. शुवाईच्या आईने विचारलं, "काय झालं?" इतक्या दिवसांनी बोलली, आणि मला सांगता येईना.

३१ जुलै
मुटोकोला जाऊन आलो. बसमध्ये उभ्याने. काकांची माफी मागितली. कारण सांगायला तोंड उघडलं, मग नको वाटलं. ते म्हणाले, "व्याही, चोर तर चोर. पोरगी न्यायलाच आलो होतो." आणि खदखदून हसले. पुन्हा येतो म्हणाले.

५ ऑगस्ट, शनिवार
पाहुणे आले. दिवसाउजेडी. बोलणी लांबली. सूट घालून आतल्या खोलीत गप्प बसलो. अंधार पडल्यावर बहीण म्हणाली, "दादा, तुझी चुळबुळ भिंतीपलीकडे ऐकू येते. जा बाहेर. इथे तुझं काही अडलेलं नाही."
गेलो. नकाशा नीट लावला. या वेळी जागा नक्की तीच, दोनदा तपासली.
तिथे काही नव्हतं. नोव्हा केव्हाच माझ्या दुर्बिणीला दिसणार नाही इतका मंदावलाय. मी त्याला एकदाही पाहिलं नाही.
आतून बायकांचा आनंदाचा चीत्कार आला. म्हणजे ठरलं. मला कोणीतरी बोलवायला येईल म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो. मग स्वतःच आत गेलो.