भिंगरीचं पोट दुखतं

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, फक्त भिंगरीचं पोट दुखतं. शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, सुट्टीला थांबतं. त्यामुळे तिचे बाबा म्हणतात, नाटक आहे. सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आले. पण तिचा फोन वाजला की पोरीचा चेहरा पांढराफटक पडतो. विचारलं तर काही नाही म्हणते. तू रोज याच वयाची मुलं तपासतेस, एखादं औषध सुचव. फोन करत नाही, कारण आमच्या दोन खोल्यांत तिला सगळं ऐकू जातं.

आहे ती माया असू दे.
तुझी धाकटी

दि. १२ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. उ. आ.

काल दवाखान्यात सांगितलं, पण तू रडत होतीस, निम्मं ऐकलं नसशील. म्हणून लिहून देते.

तुम्हाला बाहेर बसवून मी तिला, सगळ्याच मुलांना विचारते तसं, विचारलं की फोनवर कुणी त्रास देतं का. तेव्हा तिने सांगितलं: शाळेत भाषणात ती अडखळली, त्याचा कुणीतरी व्हिडिओ केला, त्याला शेळीचा आवाज लावला. वर्गाच्या ग्रुपवर तो रोज फिरतो. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. कधी कधी, म्हणाली. हे मी गुपित ठेवणार नाही, असं आधी तिलाच सांगितलं. समुपदेशक बाई उद्यापासून भेटतील. तिला एकटी सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा.

फोन काढून घेऊ नकोस. तू तो घेशील या धास्तीनेच ती गप्प होती. उलट उत्तर द्यायचं नाही, आलेलं पुसायचं नाही, सगळं जपून ठेवून शाळेत दाखवायचं. नाटक म्हणणाऱ्यांनाच पाठव.

तिला जीव लाव, उरला तर मला.
ताई

दि. ३० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नाटकवाले जाऊन आले. मुख्याध्यापक म्हणाले, मुलं आहेत, चेष्टा करतात. यांनी व्हिडिओ पूर्ण दाखवला. मग पुन्हा दाखवला आणि नेमकं कुठे हसायचं ते विचारलं. तिसऱ्यांदा लावायला लागले, तेव्हा सरांनी त्या मुलांच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. व्हिडिओ करणारी निघाली भिंगरीच्याच बाकावरची मैत्रीण. ग्रुप बंद झाला. मैत्रिणीने माफी मागितली आहे. भिंगरीने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

पोट अजून दुखतं, पण कमी. दुखलं की हे तिच्या शेजारी जाऊन बसतात. त्यांना तेवढंच जमतं. समुपदेशक बाईंकडून परतताना मात्र पोरीला भूक लागते.

आज ती अंघोळीला जाताना फोन आपणहून माझ्या हातात देऊन गेली, जरा धर म्हणाली. मी धरून बसले. दोनदा वाजला. मी बघितलं नाही. किती जड गेलं, ते भेटीत सांगेन.

रागावत राहा, पण विसरू नकोस.
धाकटी