आमच्या घराण्याचा अंगठा

२ फेब्रुवारी
नाही म्हणजे नाही! रविवारची फायनल मी खेळणार.

कॉलेजच्या तपासणीत डॉक्टरने छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या — "इको करून घे." म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गेले. थंडगार जेल, बरगड्यांत रुतणारं ते यंत्र. इकोवाल्या डॉक्टरीणबाई स्क्रीन सोडून माझ्या लांब बोटांकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "अंगठा आत घालून मूठ मिट बघू." मिटली. करंगळीच्या पलीकडून अंगठ्याचं टोक बाहेर!

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी — महाधमनी — मुळाशी फुगलीये म्हणे. जन्मापासूनचा, घराण्यातून येणारा दुर्मिळ आजार; तो लांब अंगठा त्याचीच खूण. "खेळ बंद. उडी मारताना ती फाटली तर आम्हालाही काही करता येणार नाही."

खेळ बंद? व्हॉलीबॉलशिवाय मी काय करू, लोणचं घालू स्वतःचं?

३ फेब्रुवारी
घरात रणकंदन. आत्याचा पट्टा सुरू — "आमच्या घराण्यात असलं काही नाही! हे तिच्या माहेरचं!" तिच्या म्हणजे आईच्या. मी पहिलीत असताना बाबा मैदानावर कोसळले आणि गेले. तेव्हापासून आत्याचं एकच पालुपद: "अंगात कणकण होती, तरी वहिनीने त्याला खेळायला सोडलं." आई आजही उलटून बोलली नाही. माझं डोकं फिरतं असल्या वेळी!

४ फेब्रुवारी
आज तोंड उघडलंच. "आत्या, अंगठा आत घे आणि मूठ मिट." मिटली. बाहेर!

"त्यात काय? आमच्याकडे सगळ्यांचेच असे. दादाचाही होता."

बोलली आणि तिची नजर भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे गेली. पण क्षणभरच हं! लगेच — "चल, माझाही इको काढ. कळू दे तुझ्या त्या बाईला!" मी म्हटलं, लागली पैज. तू साफ निघालीस तर मी खेळ सोडते. नाही निघालीस तर रविवारी मी मैदानावर, आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

५ फेब्रुवारी
पैज जिंकले.

डॉक्टरीणबाईंनी गळ्याखालच्या खळगीत यंत्र टेकवूनही पाहिलं. परत परत मोजलं. आत्याची महाधमनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगलेली, कधीही फाटेल अशी. घरी सोडलंच नाही. स्ट्रेचरवरून ओरडत होती, "मला काही झालेलं नाही! माझे कपडे वाळत घातलेत!"

दोरीवरचे तिचे कपडे मी काढले. घडी घालताना रडले. असली पैज कोण लावतं?

६ फेब्रुवारी
आत्याचं ऑपरेशन. आई सकाळपासून थिएटरच्या दाराशी उभी, बस म्हटलं तरी बसेना. कोचचा फोन — "येतेयस ना रविवारी?" नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले म्हणून नाही, आत्याला भिऊन तर मुळीच नाही. मी ठरवलं म्हणून! मला जगायचंय.

८ फेब्रुवारी
तिकडे फायनल सुरू असेल. आत्याच्या घशातली श्वासाची नळी काढली. आवाज धड फुटत नव्हता, तरी आईला खूण करून जवळ बोलावलं. "वहिनी, दादा तुझ्यामुळे नाही गेला."

आई तिच्यावर चक्क ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा! — "गप्प पडून राहा. टाके ओले आहेत." आणि हात काही सोडला नाही.